मागच्या सीटवरचं बकल

मित्रांनो, वाचनालयाच्या भिंतीला लागून उभी असलेली, डाव्या दारावर पोचा पडलेली जुनी निळी गाडी तुम्ही पाहिली असेल. ती मी.

कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका रांगेत तयार झाल्या. माझे पहिले मालक डॉक्टर. त्यांनी मला आरशासारखं चकचकीत ठेवलं. मग त्यांच्याकडे नवी गाडी आली आणि माझ्यावर धूळ साचू लागली. तेव्हा या घरानं मला घेतलं. घर म्हणजे आई, बाबा, निवृत्त बसचालक आजोबा आणि पिटुकली. आजोबांनी बॉनेटवर थाप मारली. "इंजिन गुणी आहे," म्हणाले. मी हरखून गेले.

पिटुकलीची छोटी खुर्ची माझ्या मागच्या सीटवर, माझ्याच पट्ट्यानं बांधलेली असे. बकल 'टक्' वाजलं तरी आई पट्टा ओढून पाहायची. बाबा हसायचे, "अगं, पोरगी आहे, पतंग नाही. उडून नाही जायची."

एके दिवशी बातमी आली. माझ्याच वर्षी बनलेल्या काही गाड्या कंपनी परत बोलावत होती. त्यांची मागची बकलं वाजतात, पण जोराचा धक्का बसला तर सुटू शकतात. माझीही तशीच असतील का? आपल्या आतलं आपल्याला कुठे दिसतं?

बाबांनी कंपनीच्या साइटवर माझा पाटीवरचा नंबर टाकला. "काही निघालं नाही. झालं समाधान?"

"अहो, इथे चासी नंबर मागितलाय."

तो कारखान्यानं दिलेला नंबर माझ्या पुढच्या काचेखाली कोपऱ्यात कोरलेला. आईनं वाकून एकेक अक्षर वाचलं. त्या बोलावलेल्या गाड्यांत मीही होते. कंपनीचा निरोप डॉक्टरांकडे गेला असणार; मालक बदलल्याचं कंपनीला कुणी कळवलंच नव्हतं.

"त्यात काय एवढं? वरून दोरी बांधू," आजोबा म्हणाले. "टपावरचा माल मी तसाच बांधायचो. एक पेटी कधी पडली नाही."

"आजोबा, अपघात झाला तर पेटीला घाईनं बाहेर काढावं लागत नाही," आई हळूच म्हणाली.

आजोबांनी हातातली दोरी गुंडाळून ठेवली.

"मग विकून टाकू," बाबा म्हणाले.

"म्हणजे तिथे दुसऱ्या कुणाचं तरी पोर बसेल," आई म्हणाली.

आईनं सर्व्हिस सेंटरला फोन लावला. गाडी जुनी घेतलेली असली तरी चालेल, पैसे लागणार नाहीत, पण बकल बदलेपर्यंत मागे कुणाला बसवू नका, असं तिथल्या माणसानं सांगितलं. नवा भाग यायला वेळ लागला. तोवर पिटुकली बसनं पाळणाघरात गेली. मी रिकामीच उभी राहिले, पण मला राग आला नाही.

अखेर मेकॅनिकनं नवी बकलं बसवली. आई पट्टा ओढतच राहिली. तो म्हणाला, "ताई, ओढा हवं तेवढं. मी पण तेच करतो." मग आईनं कंपनीकडे स्वतःचा फोन नंबर नोंदवला.

परतताना आजोबा मागे बसून जुन्या मित्राला फोनवर झापत होते, "पाटीवरचा नाही रे, काचेखालचा वाच. चष्मा लाव आधी."

मित्रांनो, आम्हा गाड्यांना आमचं दुखणं सांगता येत नाही. घरात गाडी असेल, तर तिचा नंबर तपासायला मोठ्यांच्या मागे लागा. जुनी घेतलेली असेल, तर आजच लागा. मला मोडीत न काढता, दुसऱ्याच्या गळ्यात न मारता दुरुस्त करून आणलं, त्या आईचे उपकार मी विसरणार नाही. आता ती पुढे बसते आणि तिचं पोर माझ्या मागच्या सीटवर निवांत झोपतं. गाडीला याहून मोठा मान कुठला?