हेझलडीनसाहेबांचा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. माझं निमुळतं टोक कानात धरायचं आणि रुंद तोंड बोलणाऱ्याकडे वळवायचं, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यालाही नीट ऐकू येतं.

मला फिलाडेल्फियात लुडविग नावाच्या कारागिराने घडवलं. मर्सीबाई हेझलडीन मला घरी घेऊन आल्या. त्यांचे यजमान जोथम हेझलडीन हे आमच्या प्रांताच्या विधानसभेतलं मोठं नाव. देश नुकताच इंग्रजांच्या तावडीतून सुटला होता आणि साहेबांच्या शांत स्वभावाचं गावभर कौतुक चाले. विरोधक वाट्टेल ते बोलत, तरी साहेब मंद हसत बसून राहत. त्यांचं एक भाषण तर जेवणाची वेळ टळून गेली तरी संपलं नव्हतं, म्हणतात.

खरी गोष्ट त्या नवराबायकोला ठाऊक होती, आणि मग मला. साहेबांना ऐकूच येत नसे. टोमणे कानापर्यंत पोहोचत नसत, म्हणून ते हसत. भाषण थांबवायला अध्यक्षांनी बडवलेली घंटाही त्यांना कळली नव्हती. मतदानाच्या वेळी शेजारचे सायरस बेंट हात वर करत, की साहेबही करत.

मला पाहून मात्र साहेब रुसले.

"लोक मला म्हातारा म्हणतील," ते म्हणाले.

"म्हणोत की. तुम्ही काय तरणे आहात?" मर्सीबाई त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाल्या, आणि त्यांनी मला साहेबांच्या कोटाच्या खिशात कोंबलं. तिथेच मी कितीतरी दिवस अंधारात पडून होतो.

एकदा साहेब आणि बेंट ज्या समितीत होते, तिच्यापुढे एक बाई आली. डॉर्कस तिचं नाव. बाजारात ती मिरीचं झणझणीत सार विकायची. स्वतः गुलामगिरीतून सुटली होती, पण तिची मुलगी हेस्टर अजून एका व्यापाऱ्याच्या घरी गुलाम होती, आणि तो तिला दूर दक्षिणेत विकणार होता. अशा विक्रीवर बंदी आणावी की नाही, हे समितीने ठरवायचं होतं. निम्मे एका बाजूला, निम्मे दुसऱ्या. निकाल साहेबांच्या मतावर अडला होता आणि बेंट बंदीच्या विरुद्ध होते.

डॉर्कस हळू बोलत होती. साहेबांना दिसत होते फक्त तिचे हलणारे ओठ आणि गालांवरून ओघळणारं पाणी. त्यांचा हात खिशात गेला, माझ्यावर थांबला. मग त्यांनी मला सगळ्यांसमोर बाहेर काढलं.

"हे काय, हेझलडीन? तुतारी फुंकताय की काय?" बेंट म्हणाले. सगळे हसले.

"बाई," साहेब म्हणाले, "मला ऐकू आलं नाही. पहिल्यापासून सांगाल का?"

डॉर्कस जवळ आली आणि माझ्या तोंडाशी वाकून बोलली. "साहेब, पोरीला तिकडे नेलं तर ती मेली की जगली, हेही मला कळायचं नाही. ती कामाला कधी नाही म्हणाली नाही. फक्त इथं, मला भेटता येईल एवढ्या अंतरावर राहू द्या."

बेंट यांनी विरोधात हात वर केला. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बंदीच्या बाजूने त्यांचा हात वर गेला. हेस्टर फिलाडेल्फियातच राहिली.

त्या दिवशी घरी येताच साहेबांनी मला कानाला लावलं. "मर्सी, बोल काहीतरी."

"काय बोलू? सूप निवतंय."

साहेब हसले. "आवाज जाडा झालाय तुझा."

"आणि तुमचा काय कोवळा राहिलाय?" त्या म्हणाल्या. त्यानंतर रोज जेवताना मी त्या दोघांच्या मध्ये असायचो. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस.

पुढे साहेब गेले, मर्सीबाईही गेल्या. त्यांच्या सुनेने माझ्यातून बरणीत काकवी ओतली. माझ्या अंगाला पोचे पडले, गंज चढला. आता मी माळ्यावरच्या पेटीत पडून आहे. लोक अजून साहेबांच्या शांत स्वभावाचे गोडवे गातात. माझं नाव कुणी घेत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल आणि त्यांनी "काय म्हणालास?" असं विचारलं, तर "काही नाही, जाऊ दे" म्हणू नका. त्या चार शब्दांनी माणूस घरात असूनही घराबाहेर पडतो.