भाडं, पाणी, हलालखोर

चंपाने दाराला आतून कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली.

“चंपे, सर बाजूला,” भिवा म्हणाला. त्याने धोतर गुडघ्यावर खोचलं होतं.

“नाय सरणार. तुमी नाय जायचं, बा.”

लालबागच्या नाक्यावर संयुक्त महाराष्ट्रवाल्यांवर गोळी चालल्यापासून कर्फ्यू होता. चाळीतून खाली उतरायची सोय नव्हती. संडास साफ करणारी माणसंही आपल्या वस्तीत अडकलेली. मजल्याचा संडास तुंबला, घाण गॅलरीत आली, आणि आता तर वास बंद दारातूनही आत शिरत होता.

दारापलीकडे त्याच मजल्यावरचे रामदासकाका होते. गॅलरीतून ‘मुंबई आमची’ ओरडून ओरडून त्यांचा घसा बसलेला.

“भिवा, अरे ही काय जातपात बघायची वेळ आहे? आता आपण सगळे एक!”

“मग तुमीच घाला की हात!” चंपा आतूनच ओरडली. “एकच ना आपण?”

मग शेजारच्या कौसल्याकाकू म्हणाल्या, “काय जीभ आहे कार्टीची! अगो, तुझ्या बापाला जमतं म्हणून सांगतोय.”

“कसं जमतं? गिरणीत रिंग खात्यात सूत काढतात ते. ह्ये काम कवा शिकले?”

याच जिभेपायी तिची शाळा सुटली होती. मास्तरांना उलटून बोलली, वर त्यांची छडी तिने खिडकीबाहेर भिरकावली होती. पण आज तिला फेकायला काही नव्हतं. अख्ख्या मजल्यावर त्यांच्या जातीची एकच खोली, तीही गिरणीतल्या मुकादमाच्या शब्दावर मिळालेली.

कोपऱ्यात धाकटा राजाराम जुलाबाने पार चिपाड होऊन पडला होता. चंपाची आई बकुळा त्याला पदराने वारा घालत होती.

“या घाणीत पोर जायचं माझं,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

चंपाने भावाकडे पाहिलं. मग बाजूला झाली.

रामदासकाकांनी बांबूची लांब कामटी आणली होती. ती त्यांनी भिवाच्या हातात दिली नाही, भिंतीला टेकवली आणि मागे सरले. भिवाने उचलली. मजल्यावरची दारं लागली. पाणी वाहून गेल्याचा आवाज आला तशी एकेक करून उघडली.

भिवा परत आला. कौसल्याकाकूंनी लांबूनच त्याच्या हातावर पाणी ओतलं. “देवमाणूस बाई,” त्या म्हणाल्या. भिवा कामाला जाता-येता भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडायचा. त्या दिवशी तो तोंड फिरवून झोपला.

कर्फ्यू उठला. साफ करणारी माणसं कामावर आली. राजारामही उठून बसला. कामटी मात्र यांच्याच दाराशी उभी राहिली. चंपाने दोनदा ती नेऊन रामदासकाकांच्या दाराला लावली. सकाळी बघावं तर परत इथंच.

पहिल्या तारखेला चाळीच्या मालकाचे मेहताजी वसुलीला आले. म्युनिसिपालटी पाण्याची पट्टी घेई, आणि गटारं-संडास साफ ठेवायची वेगळी, हलालखोर पट्टी. दोन्ही मालकाकडून घेई, आणि मालक त्या भाडेकरूंकडून काढी. मेहताजींची आरोळी त्यामुळे ठरलेली. चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा तिची नक्कल करत.

“भाडं, पाणी, हलालखोर!”

पायऱ्यांजवळच्या खोल्यांपासून आवाज जवळ जवळ येत गेला. यांच्या दाराशी आल्यावर मेहताजी म्हणाले, “भाडं, पाणी.”

बकुळाने सगळे पैसे पुढे केले. त्यांनी त्यातले दोन आणे परत दिले.

“ठेव. हलालखोर माफ तुम्हाला. मजल्यावरच्यांनीच मालकांना सांगितलं. चांगली माणसं आहेत हो! पोराच्या दुधाला होतील.”

बकुळाचे डोळे भरले. ती पदराच्या टोकाला गाठ मारायला लागली, तेवढ्यात चंपाने तिचा हात धरला.

“आये, दे ते.”

“अगो, माफ केलंय त्यांनी.”

“माफ नाय केलं.” चंपाने दाराशी उभ्या असलेल्या कामटीकडे पाहिलं. “पगार दिलाय.”

चंपाने तिच्या मुठीतून दोन आणे काढून घेतले. उंबऱ्यात भिवा पाय पसरून बसला होता. त्याने पाय आत घेतले, तिला जायला वाट दिली.

“ओ मेहताजी, आमचे दोन आणे घ्या.”

“अगं पोरी, नाही घेता येत मला. मालकांचा हुकूम आहे. जा घरी.”

ती गेली नाही. त्यांच्या मागोमाग चालत राहिली.

“भाडं, पाणी, हलालखोर!”

कौसल्याकाकू पैसे घेऊन बाहेर आल्या. शेवटच्या शब्दाबरोबर त्यांची नजर आधी चंपाकडे गेली, मग मेहताजींकडे. मेहताजींनीही ते पाहिलं.

पुढचं दार रामदासकाकांचं. ते कमरेवर हात ठेवून उभेच होते.

“भाडं, पाणी...”

मेहताजी थांबले. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. चंपा अगदी पाठीशी होती, तळहातावर दोन आणे ठेवून.

“म्हणा की पुढचं,” ती म्हणाली.