पहिल्या घासाचा मान

सकाळी रतनबाईची बोटं वळत नसत. काटवटीत ज्वारीचं पीठ घेतलं की आधी ती हात चोळायची, आणि तरीही मूठ मिटेना तेव्हा पदराच्या गाठीतली छगन दुकानदाराची पांढरी गोळी कोऱ्या चहाबरोबर गिळायची. थोड्या वेळाने बोटं ढिली पडत आणि भाकऱ्या सुरू होत. कर्जतजवळच्या त्या वाडीत दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

सून विजयमाला भाकऱ्या थापायला तयार होती. पण सासरे आप्पासाहेब ताट बाजूला सारत. "हिच्या हातच्या भाकरीला पापुद्रा न्हाई," म्हणत. म्हातारीला याचा वर अभिमान! विजयमालेला मात्र कपाळ बडवून घ्यावंसं वाटे.

कर्जतच्या दवाखान्यात तिने एकदा विचारून घेतलं होतं. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, सांगितल्यापेक्षा जास्त तर मुळीच नाही. दुसऱ्या सकाळी तिने सासूपुढे चतकोर भाकरी धरली.

"आत्याबाई, गोळीआधी एवढं खा."

"माणसं उपाशी अन् मी चरू व्हय? जीभ झडंल माजी!"

ओसरीवरून आप्पासाहेबांचा आवाज आला, "आमच्या घरात बाया गड्यांच्या आधी जेवल्या न्हाईत. उद्या देवाच्या आधी जेवाय मागशील!"

गोळी मात्र गड्यांच्या आधी चालत होती. तिला कुणाचीच हरकत नव्हती.

एकाहत्तर सालच्या सुगीत खळ्यावर बारा माणसं होती. भाकरीची चळत कितीही रचली तरी पुरेना. रतनबाई दिवसाला सहा गोळ्या घेऊ लागली आणि वर बाजारातून आणलेली दुखण्याची पूडही. तिचा पहिला घास दुपार कलल्यावर पोटात जाई. एका दुपारी ती चुलीपाशीच ओकली. ओकारीत रक्त होतं. बैलगाडीत घालून तिला कर्जतला नेलं.

"गोळीत आणि पुडीत औषध एकच आहे," डॉक्टर चिडून म्हणाले. "उपाशीपोटी एवढं घेऊन पोटात जखम झालीय. डांबरासारखं काळं परसाकडं होत असेल ना? कुणाला सांगितलं का नाही?"

"असलं गड्यांना कसं सांगायचं?" रतनबाई पुटपुटली.

मला तरी सांगायचं होतं, या विचाराने विजयमालेचे डोळे भरून आले. तिला सासूचा राग आला आणि कीवही. डॉक्टरांनी बजावलं, ती गोळी आणि पूड आता कायमची बंद. दुखलं तर शेकायचं, दवाखान्यात यायचं, आणि उपाशी राहायचं नाही. आप्पासाहेबांनी मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. आठ दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होता.

पण घरी आल्यावर चौथ्याच सकाळी त्यांनी छगनकडून चार गोळ्या आणल्या, अगदी मायेने. "दोन घे अन् बस चुलीपाशी. सुनेच्या भाकरीनं पोट भरंना."

ये रे माझ्या मागल्या! विजयमालेने गोळ्या उचलून चुलीत टाकल्या. तव्यावरची पहिली भाकरी ताटात घेतली, वर दूध ओतलं आणि ताट सासूपुढे ठेवलं. रतनबाईने ते परत सरकवलं.

"आधी तेंना वाढ."

विजयमालेने चुलीतली लाकडं मागे ओढली, त्यांवर पाणी शिंपडलं. धूर पाहून आप्पासाहेब दारात आले. "हे काय चाललंय?"

"मामा, डॉक्टर बोलले ते तुमी बी ऐकलंय. आत्याबाई जेवल्याबिगर चूल पेटायची न्हाई."

"लोक काय म्हंतील?"

"दहाव्याला पयला घास आत्याबाईंच्याच नावानं काढून ठिवाल न्हवं? तवा लोक काय म्हंत न्हाईत. त्यो घास म्या आज ठिवलाय."

आप्पासाहेब बायकोच्या वाकड्या बोटांकडे बघत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "खा," आणि ओसरीवर जाऊन बसले. रतनबाईने रडत रडत घास घेतला. साठी आली होती तिची, आणि चुलीवरून उतरलेली गरम भाकरी ती पहिल्यांदाच खात होती.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणीतरी सगळ्यांचं होईपर्यंत थांबली असेल. सकाळपासून तिच्या पोटात काय गेलं, घास की गोळी, एवढं तिला आज विचारा.