लूसियाचा मुकुट आणि तपकिरी डोकी

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना मुकुट आहे. राजाबिजाचा नाही. स्वीडनमधल्या नोरब्यू गावात दर वर्षी तेरा डिसेंबरच्या पहाटे, प्रकाशाच्या सणाला, एक मुलगी गाणी म्हणत येणारी संत लूसिया होते. अंगात पांढरा झगा, कमरेला लाल फीत आणि डोक्यावर सात पेटत्या मेणबत्त्या. त्या मेणबत्त्या धरून बसतो तो मी.

याल्मार नावाच्या पत्रेवाल्याने मला घडवले. तेव्हापासून मी कितीतरी डोक्यांवर बसलो. चेहऱ्यांचे कौतुक तुम्ही करा. डोक्यांबद्दल मला विचारा.

लूसियाचे केस सोनेरीच हवेत, असा गावाचा नियम. तो कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हते, म्हणून तो फार कडक होता. नियम राखायला पाच जणांचे मंडळ होते आणि पाचही डोकी तपकिरी होती. लहानपणी ती सगळी लोण्याच्या रंगाची होती, हे मात्र पाचही जण सोयीने विसरले होते. अशा लोकांची मला कीव येत नाही, किळस येते.

गावात त्यूरा नावाची मुलगी होती. गळा गोड आणि केस पिवळेधमक. ती पाच वर्षांची असल्यापासून सगळे म्हणत, "ही आपली लूसिया." तीही त्या पहाटेची वाट पाहत गाणी घोकत राहिली. चौदाव्या वर्षी तिची लूसिया व्हायची वेळ आली, आणि तोवर केस राय धान्याच्या तपकिरी पावासारखे झाले होते.

मंडळाची बैठक भरली. मी टेबलावरच होतो. सिगब्रित मंडळाची प्रमुख.

"गुनेल, काय केलंस गं पोरीचं हे?" तिने त्यूराच्या आईला विचारले.

"मी काय करणार? नवीन विहिरीच्या पाण्यात लोखंड आहे."

"कॉफी पाजत असशील! लहानपणी कॉफी प्यायली की माणूस काळवंडतं. तेरा तारखेपर्यंत रंग परत आण, नाहीतर दुसरी बघू."

गुनेलने आधी कॅमोमाइलच्या फुलांचा काढा लावला, मग लिंबू. शेवटी औषधाच्या दुकानातून रंग उडवायची बाटली आणली आणि पोरीच्या डोक्याला दुपारभर फडके बांधून ठेवले. फडके सोडले तेव्हा केस गाजरासारखे झाले होते आणि मूठमूठ तुटून हातात येत होते. सगळे कापावे लागले. उरले बोटभर, मुळातले, तपकिरी.

मग मंडळाने सहा वर्षांची एब्बा निवडली. तिचे केस दुधासारखे होते. तालमीला मला तिच्या डोक्यावर ठेवले आणि मी सरळ तिच्या नाकावर उतरलो.

"मला काहीच दिसत नाहीये!" एब्बा ओरडली.

"आत कापूस भरू," सिगब्रित म्हणाली.

"पेटत्या मेणबत्त्यांखाली कापूस? शाबास!" असे म्हणाले ते म्हातारे आल्वार मास्तर. मला घासूनपुसून ठेवायचे काम तीस वर्षे त्यांची बायको हिल्दूर करत असे. ती वसंतात वारली. आता ते काम तेच करत होते, आणि वाईट करत होते. माझ्या कडांना हिरवे डाग राहत. ते मी त्यांना माफ केले.

"सिगब्रित, याल्मारनं हा मोठ्या बाईच्या मापाचा केलाय," मास्तर म्हणाले. "यंदा ज्या डोक्याला हा बसतो, ते पिवळं राहिलेलं नाही. आणि जे पिवळं आहे, त्याला हा बसत नाही. आता काय करतेस?"

"मास्तरकी करू नकोस."

"एकोणचाळीस वर्षं तेच केलं. ऐक. केसाच्या मुळाशी रंग तयार होतो. लहानपणी गडद रंग कमी बनतो. पोर वयात येतं, अंग बदलतं, तसा तो जास्त बनतो आणि नवा केस गडद उगवतो. सगळ्यांचं होत नाही, पुष्कळांचं होतं. पाण्याचा दोष नाही, कॉफीचा नाही. तिसरीत मी तुझ्या मागच्या बाकावर होतो. तुझ्या पिवळ्या वेण्या कॉफीनं गेल्या का?"

सिगब्रितने मला एब्बाच्या नाकावरून उचलले आणि मास्तरांच्या हातात दिले.

"हिल्दूरचे केसही लग्नात पिवळे होते," मास्तर हळूच म्हणाले. "पुढे कधी बदलले, मला कळलंसुद्धा नाही."

ते मला घेऊन त्यूराच्या घरी गेले. ती टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसली होती.

"मला नको, मास्तर. सगळे हसतील."

"हसतील की. त्यांना तेवढंच येतं. तुला गाता येतं."

मग तिने टोपी काढली.

तेराच्या पहाटे, गरम मेणाचा चटका बसू नये म्हणून तिच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला आणि त्यावर मला. मी जागच्या जागी बसलो. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसले, "पोरगा वाटतोय." तिने ऐकले, एक श्वास घेतला आणि सूर लावला. पहिले कडवे कापरे गेले. दुसरे नाही. तिसऱ्याला खुसखुसणारेही तिच्याबरोबर गाऊ लागले. लाज त्यांना तेव्हाही वाटली नसावी.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर माझ्यावरचे मेण कोमट पाण्याने काढा, चाकूने खरवडू नका. मी पितळ आहे, घासले की पुन्हा पिवळा होतो. तुमच्या पोरी पितळेच्या नाहीत. त्यांना घासू नका.