सहावी बादली

आप्पासाहेबांना पेन्शन मिळून तीन वर्षं झाली होती, पण कशात तरी खोट काढल्याशिवाय त्यांना अजूनही अन्न गोड लागत नसे. कचेरीतले कागद सुटले, म्हणून या आषाढात फक्रुद्दीनची मोटार त्यांच्या तावडीत सापडली.

झालं होतं असं, की त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, इंदूला, राजूरच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची नेमणूक मिळाली होती. सोमवारी अकराच्या ठोक्याला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. पावसाळ्यात वाटेतल्या अकोले गावापुढं सर्व्हिस मोटार बंद, म्हणून नगरच्या फक्रुद्दीनची गाडी ठरवली. सोबतीला त्याची बायको खुर्शीद येणार होती. तिचं माहेर अकोल्याचं. "गाडी पावसाला लायक ठरली तरच जायचं," अशी आप्पासाहेबांनी अट घातली. इंदू लगेच हो म्हणाली आणि तिथंच फसली.

लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळे, त्यामुळे गाडी कोळशाच्या गॅसवर चाले. मागे अंघोळीच्या बंबासारखी टाकी बसवलेली होती. ओला कोळसा पेटत नाही म्हणून फक्रुद्दीनने जादा पोती मेणकापडात बांधली. टपाला ठिगळं मारली, तारांवर मेण चोळलं, पाणी ठरू नये म्हणून पुढच्या काचेवर तंबाखू घासली, आणि चिखलात चाकांना गुंडाळायला काथ्याचा दोर घेतला. तरी आप्पासाहेब रोज नवं काहीतरी काढत. गुरुवारी टप गळका होता. शुक्रवारी दोर बारीक होता. शनिवारी भोंगा घोगरा वाटला. भोंग्याचा पावसाशी काय संबंध, असं इंदूने विचारलं, तर म्हणाले, "असतो."

रविवारी सकाळी आभाळ लख्ख होतं. टाकी पेटली होती, ट्रंका बांधल्या होत्या, खुर्शीद आत बसली होती. इतक्यात आप्पासाहेब हौदावरून बादली भरून आले.

"पाणी टाकून बघतो."

"टाका की!" फक्रुद्दीन छाती काढून म्हणाला. "लई पावसाळं काढल्यात हिनं."

एक बादली टपावर, दुसरी काचेवर. पाच झाल्या, तरी आत थेंब नाही. खुर्शीदने कोरडा पदर बाहेर काढून दाखवला. आप्पासाहेब क्षणभर घुटमळले, मग टाकीचं झाकण उघडून सहावी बादली सरळ निखाऱ्यांवर ओतली. भस्सकन वाफ उठली आणि सगळं थंडगार!

"आप्पासाहेब," फक्रुद्दीन कपाळाला हात लावून म्हणाला, "पाऊस झाकन उघडून येत न्हाई वो!"

इंदूचा संताप अनावर झाला. "आप्पा, गाडीत खोट सापडेना, म्हणून तुम्ही ती केलीत!"

आप्पासाहेब रिकाम्या बादलीकडं बघत राहिले. "केली," ते म्हणाले. "शिकवलं मीच तुला. पण तू गेल्यावर घर खायला उठेल गं. मला नाही करमणार."

इंदूचा राग कुठल्या कुठे गेला. तिला रडू आलं, आणि वडिलांसमोर रडायची लाजही वाटली नाही. "मला तरी कुठं करमणार आहे?" ती म्हणाली. "पण मला जायचंय, आप्पा."

आप्पासाहेबांनी उपरणं कमरेला आवळलं. ओला कोळसा स्वतःच्या हातांनी उपसला, टाकी पुसली, कोरडं पोतं सोडलं. मग टाकीला जोडलेला हाताचा पंखा अर्धा तास फिरवून निखारा फुलवला. तोंड असं काळं झालं, की खुर्शीदने हसू लपवायला मान फिरवली. एवढं करूनही गारठलेलं इंजिन लागेना.

"ढकलावी लागंल," फक्रुद्दीन म्हणाला.

तो सुकाणूवर बसला. इंदू उतरायला लागली, तर आप्पासाहेबांनी तिला दटावून बसवलं. धोतराचा काचा मारून त्यांनी एकट्याने खांदा लावला. गल्लीतले चारजण धावले, पण सगळ्यात जोर म्हाताऱ्याचाच. वेशीपाशी इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. चौघं थांबले, आप्पासाहेब मात्र मागोमाग धावतच होते, दोन्ही हात गाडीवर.

इंदूने डोकं बाहेर काढलं. "आप्पा, लागली गाडी! सोडा आता!"

"अगं, धरली नाहीये!" ते धापा टाकत ओरडले. "ढकलतोय!"