तिसरी रात्र

जव्हारच्या कोर्टाबाहेर बसून मधुकर वीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप करतो आहे. साऱ्या तालुक्याच्या भानगडी त्याच्या बोटांखालून गेल्या, पण पोटात दुखलं ते बायकोच्या नोट्स टाईप करताना. चाळिशीत वनमालानं कायद्याचा अभ्यास धरला होता आणि रोमन कायद्याच्या या नोट्स तिला वर्गातल्या ऋषिकेशनं दिल्या होत्या. पंचविशीचा, देखणा, वर गोड बोलणारा पोरगा.

नोट्समध्ये लिहिलं होतं की प्राचीन रोममध्ये बाई वर्षभर सलग नवऱ्याच्या घरी नांदली, की वहिवाटीनं जमीन मिळावी तशी ती त्याच्या ताब्यात जाई. ते टाळायचं तर तिनं वर्षातून तीन रात्री घराबाहेर काढायच्या. या ओळीखाली लाल रेघ होती. ऋषिकेशचीच असणार, दुसऱ्या कुणाची?

मधुकरचा तिळपापड झाला. त्यात वनमाला म्हणाली, "परीक्षा पालघरला आहे. मी नि वर्गातली समृद्धी तिथल्या हॉस्टेलवर राहू. तीन रात्री लागतील."

"आणि तो ऋषिकेश?"

"त्याचीही परीक्षा आहेच की."

दोन रात्री त्यानं कशाबशा काढल्या. कायदा कुठला, माणसं कधीची मेलेली, आणि हा शहाणा जव्हारात बसून बोटांवर रात्री मोजत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मशीन झाकलं आणि पालघरची एसटी धरली.

वनमाला कॉलेजच्या पायऱ्यांवर बसली होती. पायाशी भरलेली बॅग, शेजारी ऋषिकेश, दोघं एकाच कागदातली भजी खात होती. मधुकरच्या अंगाची लाही झाली.

"चल घरी," तो म्हणाला. "तिसरी रात्र मी होऊ द्यायचो नाही."

ऋषिकेश गडबडून उठला आणि समृद्धीला शोधायला गेला. वनमालाला उमगायला जरा वेळ लागला. मग तिनं तेलकट बोटं रुमालाला पुसली.

"ती रेघ मी मारली होती. हमखास विचारतात म्हणून."

"मग ही बॅग?"

"पेपर एक दिवस आधीच संपले. समृद्धीच्या भावाची जीप येतेय. म्हटलं, तुम्ही एकटे असाल, आजच जावं."

मधुकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग चल ना," तो हळूच म्हणाला.

जीप आली. ऋषिकेश मागे समृद्धीला खेटून बसला. वनमालानं नवऱ्याला पुढच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि बॅग उचलून हॉस्टेलची वाट धरली.

"उद्या येते," ती म्हणाली. "रात्री कुकर लावून घ्या."