वस्तादांच्या घरची तपासणी

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो या घरात अगदी खराखुरा होता. सगळ्या गल्लीची वायरिंग ज्या माणसाने केली, त्याच्याच बाथरूमचा नळ झिणझिण्या देत होता. आणि तो माणूस म्हणत होता, भास आहे.

त्याच्या थोरल्या लेकीच्या डोक्यात सकाळपासून तिडीक होती. संध्याकाळी तिची धाकटी बहीण तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार होती. बाळाची अंघोळ याच बाथरूममध्ये, याच नळाखाली व्हायची. आणि आई तर अजून नळ सोडताना कोरडं फडकं शोधत होती! थोरलीने बाबांना नीट सांगून पाहिलं, गोडीत सांगून पाहिलं, आवाज चढवून सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांना न विचारता तिने जुन्या घरांची वीज तपासणारा माणूस बोलावला.

आता नशीब बघा. आला तो नेमका बाबांच्याच हाताखाली शिकलेला! पिशवी दारात ठेवून तो आधी बाबांच्या पाया पडला.

"वस्ताद, तुमच्या घरात मी काय तपासणार?"

"तेच म्हणतो मी," बाबा म्हणाले. "पण आमच्या बाईसाहेबांना कोण सांगणार? बस, चहा घे."

तो बसला. चहा घेतला. मग बोर्ड उघडून "वा, काय हात आहे!" म्हणाला. वायरी कशा ओळीत बसवल्यात, एकही जोड उघडा नाही, आताची पोरं असं काम करतात का, वगैरे वगैरे. बाबा खुर्चीत फुलून बसले. त्या कौतुकाच्या भरात गड्याने पिशवीतून तपासणीचा कागद काढला आणि 'सगळं ठीक' लिहायला पेनाचं टोपणही उघडलं.

"थांबा," थोरली म्हणाली. "बाथरूम कोण बघणार?"

"ताई, वस्तादांचं काम आहे हो..."

"वस्तादांचं काम वस्तादांच्या घरी! नळाला तुम्ही हात लावणार की मी लावू?"

"अगं, तुझ्या आईला मुंग्या येतात हाताला," बाबा म्हणाले. "वय झालं आता. विचार तिलाच."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "नसेलही काही," ती पुटपुटली. "माझ्याच हाताला येत असतील मुंग्या. त्यांना कळतं त्यातलं."

त्यांना कळतं त्यातलं! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणापासून हेच एक वाक्य ऐकून तिचे कान किटले होते. बाबांचा राग यायचा तो यायचाच, पण आज तिला आईचाही आला. स्वतःच्या हाताला बसलेला झटका जी बाई नवऱ्याला विचारून खरा-खोटा ठरवते, तिला काय म्हणावं? तिने त्या चेल्याचा दंड धरला आणि त्याला सरळ बाथरूमपाशी नेलं.

बिचाऱ्याने गीझर चालू केला आणि नळाला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने टेस्टर पुसला, पुन्हा लावला. दिवा पुन्हा पेटला.

"वस्ताद, अर्थिंगची वायर पाण्याच्या पाइपलाच बांधलीय का?"

"तेव्हा तसंच बांधायचे सगळे. लोखंडी पाइप, थेट जमिनीत गेलेला."

"पण बाहेरचा पाइप आता प्लॅस्टिकचा आहे. मघाशी येताना बघितला मी. म्हणजे गीझरमधून गळणारा करंट जमिनीत जातच नाही. नळातच राहतो."

"टेस्टर काय, कशालाही पेटतो," बाबा उठत म्हणाले. "मला कधी काही लागलं नाही. रोज अंघोळ करतो मी इथे."

"मग लावा हात," थोरली म्हणाली. "आत्ता, आमच्यासमोर. तुम्हाला काही होत नाही ना? उद्या बाळाला धरायचंय तिथे."

"लावतो की! घाबरतो काय कुणाला?"

बाबा ताडताड आले. उंबऱ्याशी थबकले. फरशी ओली होती. त्यांनी सवयीने पाय मागे घेतला, दारामागे चाचपडलं आणि तो तिथल्या जाड रबरी चपलेत सरकवला. मग दुसरा.

चेला खाली मान घालून उभा राहिला. आधी कळलं ते आईला.

"तुम्ही म्हणाला होतात, फरशी गार लागते म्हणून चपला," ती म्हणाली.

बाबा नळाकडे बघत राहिले. हात काही पुढे गेला नाही.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" थोरली ओरडली. "पाइप बदलला तेव्हापासून? आई रोज अनवाणी आत जाते, आणि तुम्ही चपला घालून?"

"करणारच होतो मी," बाबांचा आवाज बसला होता. "अंगणात खड्डा घ्यावा लागला असता, नवं अर्थिंग करावं लागलं असतं. आज करू, उद्या करू... आणि गल्ली काय म्हणाली असती? वस्तादांच्याच घरात शॉक?"

"गल्ली!" थोरली कडाडली. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून ती जग शिकली, त्याच्याकडे तिला बघवेना.

चेल्याने मुकाट्याने मेन स्विच पाडला. पंखा हळूहळू थांबला.

आई आत गेली आणि फोन कानाला लावूनच बाहेर आली. धाकटीशी बोलत होती. आवाज चढलेला नव्हता, पण असा आवाज या घरात कुणी ऐकलेला नव्हता.

"आज येऊ नकोस बाळाला घेऊन. नाही गं, तब्येत ठणठणीत आहे माझी. नळात करंट उतरतो इथे. हो, कधीपासूनचा. तुझ्या बाबांना माहीत होतं."

"अगं, तिला कशाला सांगतेस?" बाबा कळवळून म्हणाले.

आईने फोनवर हात ठेवला आणि त्यांच्याकडे वळली.

"मग कुणाला सांगू? इतकी वर्षं तुम्हालाच तर सांगत होते."